‘स्त्री की पुरुष?’ : एका चौकटीतले दोन प्रश्न

विशेष प्रतिनिधी

आरोग्यविषयक सर्वेक्षणाचा कोणताही अर्ज घ्या. नाव, वय, पत्ता यांच्यानंतर ‘लिंग : स्त्री / पुरुष’ अशी एक ओळ असतेच. साऱ्या अर्जात हाच प्रश्न सर्वांत सोपा मानला जातो. पुष्कळदा तो विचारलाही जात नाही; समोरच्या माणसाकडे पाहून खूण केली जाते. पुढे ही खूण ‘१’ किंवा ‘२’ या आकड्याच्या रूपात संगणकात जाते आणि हवा, पाणी, जड धातू, कीटकनाशके यांचा माणसाच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो, याविषयीचे अनेक निष्कर्ष त्या आकड्यावर उभे राहतात. अमुक प्रदूषण स्त्रियांना अधिक घातक, तमुक विष पुरुषांना अधिक बाधक, अशी वाक्ये त्यातूनच निपजतात.

वस्तुतः या एका खुणेत दोन निराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पहिली शरीराची : गुणसूत्रे, संप्रेरके, गर्भाशय, हाडांची घनता, चरबीचे प्रमाण. दुसरी समाजाने ठरवून दिलेली : चुलीपुढे कोण बसणार, शेतात औषध कोण कालवणार, घरात शेवटी कोण जेवणार आणि आजारी पडल्यावर दवाखान्यात कोणाला आधी नेणार. इंग्रजीत या दोहोंसाठी दोन स्वतंत्र शब्द आहेत. मराठीत स्त्री-अभ्यासाच्या क्षेत्रातील मंडळींनी ‘लिंग’ आणि ‘लिंगभाव’ अशी जोडी रूढ केली. (व्याकरणात तीन लिंगे शिकवणाऱ्या भाषेतले अर्ज मात्र वर्षानुवर्षे दोनच ओळखत आले, ही गोष्ट निराळी.)

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. एखादा विकार स्त्रियांमध्ये जास्त आढळला आणि त्याचे कारण शरीरात असेल, तर गर्भवतींसाठी प्रदूषणाची वेगळी मर्यादा ठरवावी लागेल. कारण कामाच्या वाटणीत असेल, तर इंधन, धुराडे, हातमोजे आणि मजुरीचे तास यांचा विचार करावा लागेल. कारण चुकले की उपाय चुकतो, आणि त्या चुकीची किंमत कोणाच्या तरी फुप्फुसांना मोजावी लागते.

चुलीपुढचे तास

याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या परिसरातलेच आहे. १९८०च्या दशकापर्यंत वायुप्रदूषण म्हणजे गिरण्यांची धुराडी आणि मोटारींचा धूर, अशीच समजूत होती. प्रदूषण मोजणारी यंत्रे शहरांच्या चौकांत बसवली जात. अमेरिकी संशोधक कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधील चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच हवेचे नमुने घेणारी उपकरणे लावली. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, स्वयंपाक चालू असताना या बायकांच्या श्वासातील हवेत दर घनमीटरला सरासरी जवळपास ७ मिलिग्रॅम धूलिकण होते. चौकातल्या यंत्राला हा आकडा कधीच दिसला नसता.

पुढचा प्रश्न अधिक नाजूक होता. खेड्यातल्या बाईची छाती धूर सहन करण्यास मुळात दुबळी असते, की तिला धूरच अधिक मिळतो? नेपाळचे डॉ. मृगेंद्रराज पांडे यांनी डोंगराळ भागातील एका वस्तीत त्याचे उत्तर शोधले. त्यांनी फक्त ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी नोंद करून न थांबता, दिवसातून सरासरी किती तास चुलीजवळ बसता, हा साधा प्रश्न विचारला. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, चुलीजवळचे तास वाढतील तसे जुनाट खोकल्याचे, म्हणजे क्रॉनिक ब्राँकायटिसचे प्रमाण वाढत गेलेले दिसले. आणि ते बायकांप्रमाणे पुरुषांतही वाढले. तासांचा रकाना नसता, तर चुलीचा सारा दोष ‘स्त्री’ या शब्दावर पडला असता.

तथापि तास मोजले म्हणजे सारे काही मोजले, असेही नाही. केनियातील लायकिपिया भागात माजिद एझाती व त्यांच्या सहकाऱ्यांनी घराघरांत बसून चुलीच्या धुराचे क्षणाक्षणाचे मोजमाप केले आणि त्याच वेळी घरातले कोण कुठे आहे, याची नोंद ठेवली. धूर दिवसभर सारखा नसतो. लाकूड नव्याने सारताना, फुंकर घालताना, भांडे चढवताना-उतरवताना त्याचा लोट उठतो, आणि नेमकी त्याच क्षणी स्वयंपाक करणारी व्यक्ती चुलीवर वाकलेली असते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, स्वयंपाकात भाग घेणाऱ्यांच्या एकूण धूरसेवनापैकी ३१ ते ६१ टक्के वाटा अशा लोटांचा होता. स्वयंपाक न करणाऱ्यांच्या बाबतीत तो ० ते ११ टक्के होता. खोलीतल्या हवेची दिवसभराची सरासरी घेऊन ती घरातील सर्वांना सारखीच लावली, की तोटा कोणाच्या हिशेबात होतो, हे उघड आहे.

भारतासाठी असा हिशेब चेन्नईच्या डॉ. कल्पना बालकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. चार राज्यांतील प्रत्यक्ष मोजमापांवर आधारलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अंदाजानुसार, लाकूड-शेणीसारखे इंधन वापरणाऱ्या घरांत पीएम २.५ या सूक्ष्म कणांची दिवसाची सरासरी मात्रा स्त्रियांसाठी दर घनमीटरला ३३७, मुलांसाठी २८५ आणि पुरुषांसाठी २०४ मायक्रोग्रॅम होती. आपल्याकडील कायदेशीर मर्यादा २४ तासांसाठी ६० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे चूल असलेल्या घरातला पुरुषही या मर्यादेच्या तिपटीहून अधिक धूर घेत होता. मुलांचा आकडा आईच्या आकड्याच्या किती जवळ आहे, तेही पाहण्यासारखे आहे; ती आईच्या मांडीवर किंवा पदराजवळ असतात.

या साऱ्याचा दवाखान्याशी थेट संबंध आहे. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकुंचित करणारा विकार, हा विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा रोग म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये या समजुतीला धक्का दिला. जगात धूम्रपान करणारे सुमारे १ अब्ज, तर लाकूड-शेणीचा धूर घेणारे सुमारे ३ अब्ज, याकडे लक्ष वेधून जगाच्या पाठीवर सीओपीडीचे सर्वांत मोठे कारण चुलीचा धूर असू शकेल, असे त्यांनी मांडले. कधीही विडी न ओढलेली साठीची बाई धाप लागते म्हणून डॉक्टरांकडे गेली, तर तिला ‘किती वर्षे चुलीवर स्वयंपाक केला?’ हे विचारले जाते की नाही, यावर तिची स्पायरोमेट्री होणार की दम्याच्या गोळ्यांवर बोळवण होणार, हे ठरते.

मोजमाप चोख झाले म्हणून उत्तर मनासारखे येतेच, असे मात्र नव्हे. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत सुमारे ३,२०० गर्भवतींवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत निम्म्या जणींना गॅसची शेगडी आणि इंधन मोफत पुरवण्यात आले. त्यांच्या श्वासातील सूक्ष्म कण घटून २४ मायक्रोग्रॅमच्या आसपास आले. चूल वापरणाऱ्यांचा आकडा ७०च्या आसपास होता. परंतु २०२२ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत बाळांच्या जन्मवजनात दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. मग धूर कमी होण्यास फार उशीर झाला होता की वजनावर इतर गोष्टींचाच पगडा अधिक होता, याचा खल अजून चालू आहे. निदान धूर कमी झाला की नाही, हा वाद तरी उरला नाही.

पत्त्यावरून मोजलेली हवा

शहरांत अडचण उलट्या बाजूने येते. २००७ साली अमेरिकेतील ६५,८९३ स्त्रियांचा एक अभ्यास गाजला. सर्व जणी रजोनिवृत्तीनंतरच्या वयाच्या होत्या. राहत्या ठिकाणच्या हवेत पीएम २.५चे प्रमाण १० मायक्रोग्रॅमने वाढले, की हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका २४ टक्क्यांनी आणि त्यामुळे होणाऱ्या मृत्यूचा धोका ७६ टक्क्यांनी वाढतो, असे त्यात दिसले. स्त्री-पुरुष दोघांचा समावेश असलेल्या आधीच्या अभ्यासांतील आकड्यांपेक्षा हे प्रमाण बरेच मोठे होते. साहजिकच बाईचे हृदय धुराला अधिक हळवे असते काय, अशी चर्चा सुरू झाली.

तसे असेलही. परंतु जेन क्लोअर्टी या संशोधिकेने २०१०च्या आपल्या समीक्षेत एक अगदी व्यवहारी शंका उपस्थित केली. अशा अभ्यासांत माणसाला मिळणारी हवा बहुधा त्याच्या घराच्या पत्त्यावरून, जवळच्या केंद्रातील नोंदीनुसार ठरवली जाते. जी व्यक्ती दिवसाचा अधिक वेळ घरी किंवा घराच्या आसपास असते, तिच्याबाबत हा अंदाज खरा ठरण्याची शक्यता जास्त. जी व्यक्ती सकाळी आठला निघून शहराच्या दुसऱ्या टोकाला काम करते, तिच्याबाबत तो अंदाज ढिसाळ ठरतो. आणि मोजमाप ढिसाळ असले की खरा परिणामही आकड्यांत पुसट दिसतो. म्हणजे बाई अधिक ‘संवेदनशील’ भासते, याचे एक कारण केवळ तिचा पत्ता अचूक असणे, हेही असू शकते. कल्याण किंवा विरारहून रोज मुंबईत ये-जा करणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगण्याची गरज नाही.

याच संदर्भात संशोधन-निबंधांतील एका नेहमीच्या वाक्याचाही उल्लेख करायला हवा : ‘वय आणि लिंग यांसाठी समायोजन केले.’ हे ऐकायला मोठे शास्त्रीय वाटते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा, की स्त्री-पुरुषांतला फरक हिशेबातून वजा करून टाकला. तो फरक मुळात का पडला, हे पाहिले नाही. दोन्ही गटांचे आकडे वेगवेगळे छापण्याची तसदीही पुष्कळदा घेतली जात नाही.

शरीर आणि ताट

शरीराचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. जपानच्या तोयामा प्रांतातील जिन्झू नदीत खाणीतून वाहून आलेले कॅडमियम भातशेतीत उतरले आणि ‘इताई-इताई’ या नावाने ओळखला जाणारा रोग पसरला. नावाचा अर्थच ‘दुखतंय, दुखतंय’. हाडे ठिसूळ होऊन जराशा धक्क्यानेही मोडत. १९६८ साली जपान सरकारने हा प्रदूषणजन्य रोग असल्याचे मान्य केले. पाणी आणि भात सर्वांचा तोच होता. रुग्ण मात्र प्रामुख्याने रजोनिवृत्ती झालेल्या, अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रिया होत्या.

येथे ‘लिंग’ हे उत्तर पुरेसे वाटते. पण जरा खोलात गेले की ते पुन्हा दुभंगते. आतड्यांतून कॅडमियम शरीरात शिरते ते बरेचसे लोहाच्याच वाटेने. शरीरात लोह कमी असेल तर ही वाट अधिक उघडी राहते आणि त्यातून कॅडमियमही अधिक घुसते. पाळी आणि गर्भारपण यांमुळे स्त्रियांचे लोह कमी होते, हे शरीर झाले. परंतु ताटात शेवटी उरलेले जिच्या वाट्याला येते, तिचे लोह कमी असण्यात समाजाचाही हात असतो. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय होता. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. तेव्हा कॅडमियमच्या अभ्यासात केवळ ‘स्त्री’ असे लिहून भागत नाही. रक्तातील लोह, बाळंतपणांची संख्या, पाळी चालू आहे की थांबली, हे रकाने लागतात. शिशाचेही तसेच. प्रौढ माणसाच्या शरीरातील शिशाचा ९० टक्क्यांहून अधिक साठा हाडांत असतो. गर्भारपणात, अंगावर पाजताना आणि रजोनिवृत्तीनंतर हाडे झिजू लागली, की तो पुन्हा रक्तात उतरतो. तीस वर्षांपूर्वीचे प्रदूषण अशा वेळी आजच्या रक्ततपासणीत दिसते.

भोपाळमध्ये न विचारलेले

जे विचारले जात नाही, ते आकड्यांत येत नाही, याचा सर्वांत कठोर दाखला भोपाळचा. डिसेंबर १९८४च्या वायुकांडानंतर सुरुवातीच्या काळात वैद्यकीय यंत्रणेचे लक्ष मुख्यतः डोळे आणि फुप्फुसे यांवर होते. वस्त्यांतील बायका पाळीच्या तक्रारी, पांढरे जाणे, गर्भपात यांविषयी सांगत होत्या. परंतु त्या तक्रारींना रकाना नव्हता. १९८५च्या आरंभी डॉ. राणी बंग आणि डॉ. मीरा सदगोपाल यांनी तेथील वस्त्यांत जाऊन स्त्रियांची तपासणी केली आणि स्त्रीरोगांची जणू साथच आली असल्याचे मांडले. (याच राणी बंग यांनी पुढे गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग असल्याचे आणि त्याआधी तपासणी मात्र ८ टक्के जणींचीच झाली असल्याचे १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले.)

भोपाळमधील गर्भवतींचा हिशेब डॉ. दया वर्मा यांच्या पाहणीतून पुढे आला. दुर्घटनेनंतर सुमारे नऊ महिन्यांनी ३,२७० कुटुंबांकडे चौकशी करण्यात आली. वायुगळतीच्या वेळी गर्भवती असल्याचे ८६५ स्त्रियांनी सांगितले. त्यांतील ४३ टक्के गर्भारपणांत जिवंत मूल जन्माला आले नाही. जी ४८६ मुले जिवंत जन्मली, त्यांतील १४ टक्के महिनाभरात दगावली. आधीच्या दोन वर्षांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आत-बाहेर होते. नुकसानभरपाईच्या यादीत न जन्मलेल्यांची नोंद कशी करायची, या प्रश्नाला मात्र कोणत्याही अर्जात जागा नव्हती.

पुरुषांचे काय?

प्रजनन म्हणजे स्त्री, या गृहीतकाचा फटका पुरुषांनाही बसला आहे. १९७७ साली कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथील कारखान्यात डीबीसीपी नावाचे कीटकनाशक हाताळणाऱ्या कामगारांना आपल्याला मुले होत नसल्याचे आपापसांतील गप्पांतून जाणवले. तपासणीत अनेकांच्या वीर्यात शुक्राणू अत्यल्प किंवा मुळीच नसल्याचे निघाले. १९७९ साली अमेरिकेने त्याचा बहुतेक वापर थांबवला. इटलीतील सेवेसो येथे जुलै १९७६मध्ये कारखान्यातून डायॉक्सिन उडाले. पुढील वीस वर्षांतील जन्मांची नोंद तपासली असता, वयाच्या १९ वर्षांच्या आत ते विष शरीरात गेलेल्या पुरुषांना मुलगे लक्षणीय कमी झाल्याचे दिसले. आईच्या रक्तातील डायॉक्सिनशी असा संबंध आढळला नाही. केवळ मातांचे रक्त तपासले असते, तर हा धागा हाती लागलाच नसता.

दुसरीकडे, ‘सर्वसामान्य माणूस’ म्हणून शास्त्राने दीर्घकाळ पुरुषच धरला. किरणोत्साराची मात्रा ठरवण्यासाठी १९७५ साली आंतरराष्ट्रीय आयोगाने आखलेला ‘प्रमाण-पुरुष’ २० ते ३० वर्षांचा, ७० किलो वजनाचा, १७० सेंटिमीटर उंचीचा, पश्चिम युरोपीय किंवा उत्तर अमेरिकी राहणीचा गोरा गृहस्थ होता. २००२च्या सुधारित आकड्यांत ६० किलोची ‘प्रमाण-स्त्री’ही सविस्तर आली. प्रयोगशाळेतील उंदरांतही नरांचाच भरणा. मादीच्या संप्रेरकचक्रामुळे निकाल विस्कळीत होतात, हे त्यामागचे कारण पुढे तपासणीत टिकले नाही.

कालवणारे हात

कामाची व्याख्या चुकली की काय होते, हे कापसाच्या शेतात दिसते. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पाठीवर पंप घेणारे बहुतेक पुरुषच असल्याने फवारणीचा धोका पुरुषांचा, अशी नोंद स्वाभाविकच होते. परंतु आंध्र प्रदेशातील तीन गावांत फ्रान्सेस्का मॅन्सिनी व सहकाऱ्यांनी संपूर्ण हंगामभर केलेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५० कापूस-उत्पादक स्त्रियांनी स्वतःच्या आणि घरातील पुरुषांच्या त्रासाची नोंद ठेवली. जहाल औषध पाण्यात कालवणे आणि पंप पुन्हा भरून देणे ही कामे बायकांची होती, आणि ती प्रत्यक्ष फवारणीइतकीच धोक्याची निघाली. नोंदलेल्या ३२३ प्रसंगांपैकी ८३.६ टक्के प्रसंगांत सौम्य ते तीव्र विषबाधेची लक्षणे होती. ‘तुम्ही फवारणी करता का?’ या प्रश्नाला या बायकांचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच आले असते.

चौकटीबाहेरची माणसे

ज्यांना दोन्ही चौकटी लागू पडत नाहीत, त्यांचे काय? २०११च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात सुमारे ४ लाख ८८ हजार व्यक्तींची नोंद झाली. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. प्रदूषण-संशोधनासाठी मात्र निव्वळ तिसरा रकाना वाढवणे अपुरे आहे. संप्रेरकांचे उपचार घेणाऱ्या व्यक्तीबाबत जन्माच्या वेळी नोंदलेले लिंग आणि आजची ओळख, दोन्ही ठाऊक असावी लागतात. म्हणून दोन टप्प्यांत दोन प्रश्न विचारण्याची पद्धत सुचवली जाते. कॅनडाने २०२१च्या जनगणनेत ती वापरली. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०२२च्या अहवालात तिची शिफारस केली. पुढे जानेवारी २०२५मध्ये अमेरिकी अध्यक्षांच्या आदेशाने संघराज्याच्या अर्जांत केवळ जैविक लिंग विचारावे, असे फर्मान निघाले. मोजणीचा प्रश्न राजकारणाच्या हाती गेला की रकाने किती झटपट पुसले जातात, याचा हा नमुना. दुसरी बाजूही आहे : संख्या थोडी असलेल्या गावात अशी नोंद उघड झाली तर त्या व्यक्तीला त्रास होऊ शकतो. तेव्हा गुप्तता पाळता येत नसेल, तर हा प्रश्न न विचारणेच बरे.

हे सारे मोजायचे तर खर्च किती वाढेल, असा आक्षेप संशोधक घेतात. अंगावर लावायची उपकरणे महाग असतात, हे खरे. पण सगळेच रकाने महाग नसतात; चुलीजवळ किती तास, औषध कोणी कालवले, पाळी थांबली का, यांना कागद आणि थोडा संकोच सोडण्याची तयारी एवढेच लागते. काही माहिती तर आयतीच उपलब्ध आहे. केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत पहाटे चार ते दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंतच्या प्रत्येक अर्ध्या तासात घरातील कोणी काय केले, हे विचारले जाते. घरकामात गुंतलेल्या स्त्रियांचा त्यावर रोज जाणारा वेळ २०१९ साली २९९ मिनिटे होता, पुरुषांचा ९७. २०२४च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ मिनिटे आले. त्यातील स्वयंपाकाच्या अर्ध्या तासाला त्या घरातील हवा कशी होती, हे मात्र दुसऱ्याच खात्याच्या यंत्रांना विचारावे लागते, आणि ती यंत्रे बहुतांशी अजूनही शहरांतच उभी आहेत.